भीती चुकीच्या बाटलीची

पत्राचा सारांश : पत्र लिहिणाऱ्या ताई छत्तीस वर्षांच्या आहेत आणि पुण्यात राहतात. गेली पाच वर्षं रोज पहाटे अंथरुणातच त्यांना शिंका सुरू होतात, सलग पंधरा-वीस. नाक, टाळू, डोळे खाजतात, सकाळी नऊपर्यंत नाक गळतं आणि रात्री चोंदतं. गणपतीनंतर त्रास वाढतो, थंडीत सगळ्यांत जास्त होतो. मे महिन्यात नागपूरला सासरी गेल्या की आठवड्याभरात नाक मोकळं. तिथे गच्चीवर झोपणं, दही-ताक, आमरस, सगळं चालतं. पुण्यात मात्र दही, केळी आणि रात्रीचा भात त्यांनी बंद केला आहे. कान-नाक-घशाच्या डॉक्टरांनी स्टिरॉइडचा स्प्रे दिला होता. तो चार दिवस वापरला, फरक वाटला नाही, त्यात ‘सवय लागते’ असं शेजारणीने सांगितलं, म्हणून बंद केला. आठ महिने रोज रात्री नाक मोकळं करणारे थेंब चालू आहेत, फारच झालं तर सेटिरिझिन ही ॲलर्जीची गोळी. दुसऱ्या एका डॉक्टरांनी ‘नाकाचं हाड वाढलंय’ म्हणून ऑपरेशन सुचवलं आहे. नात्यातल्या एकांनी ‘सीझनला एकच इंजेक्शन’ सुचवलं आहे, आणि ते घ्यावं असं ताईंना वाटतंय. एका लॅबचं दोनशे पदार्थांच्या ॲलर्जी टेस्टचं पॅकेजही समोर आहे. इमारतीमागच्या प्लॉटवर गाजर गवत माजलंय, म्हणून घर बदलायचा विचार चालू आहे. आठ वर्षांचा मुलगाही हल्ली सारखं नाक चोळतो. शेवटी त्या विचारतात : ‘माझी इम्युनिटी एवढी कमी का झाली? आणि स्टिरॉइड न घेता हे मुळापासून जाईल का?’

ताई, तुमच्या पत्रात तीन औषधं आहेत. एकाला तुम्ही घाबरता, दुसरं बिनधास्त वापरता आणि तिसरं घ्यायच्या बेतात आहात. भीतीची वाटणी नेमकी उलटी झाली आहे, म्हणून आधी तेवढंच निस्तरू.

ज्या स्प्रेला तुम्ही घाबरलात, तो बहुधा मोमेटासोन किंवा फ्लुटिकासोनचा असणार. मोमेटासोनच्या एका फवाऱ्यात ५० मायक्रोग्रॅम औषध असतं. मोठ्या माणसाला दिवसातून एकदा प्रत्येक नाकपुडीत दोन फवारे, म्हणजे २०० मायक्रोग्रॅम. त्यातला एक टक्कासुद्धा रक्तात पोहोचत नाही. फ्लुटिकासोनचंही प्रमाण दोन टक्क्यांच्या आतच. औषध नाकाच्या अस्तरावर काम करतं, आणि जे गिळलं जातं ते यकृत जवळजवळ सगळं निकामी करतं.

आता ते ‘सीझनचं एकच इंजेक्शन’. त्यात काय असतं हे तुम्ही लिहिलेलं नाही, कदाचित सांगणाऱ्यालाही ठाऊक नसेल. अशा कामासाठी दिलं जाणारं इंजेक्शन बहुतेक वेळा ट्रायॅमसिनोलोनसारखं, शरीरात आठवडेच्या आठवडे टिकणारं स्टिरॉइड असतं. नेहमीचा डोस ४० मिलिग्रॅम धरला तर ते झाले ४०,००० मायक्रोग्रॅम. म्हणजे स्प्रेचे दोनशे दिवसांचे डोस एका टोचणीत, आणि तेही नाकाऐवजी थेट शरीरभर. रक्तातली साखर आणि रक्तदाब वाढणं, पाळी पुढे-मागे होणं, टोचल्या जागी खड्डा पडणं, शरीराचं स्वतःचं स्टिरॉइड बनणं काही काळ मंदावणं हे त्याचे माहितीतले दुष्परिणाम आहेत, आणि एकदा टोचलं की ते मागे घेता येत नाही. नाकाच्या ॲलर्जीसाठी हे इंजेक्शन घेऊ नये, हाच सल्ला आज दिला जातो. त्याने बरं वाटतं हे खरं, म्हणूनच तर ते चालतं.

सवय म्हणाल, तर ती तुम्हाला लागली आहे, पण थेंबांची. नाक मोकळं करणाऱ्या थेंबांत झायलोमेटाझोलिन किंवा ऑक्सिमेटाझोलिन असतं. ते नाकातल्या रक्तवाहिन्या आवळतं, त्यामुळे पाच-दहा मिनिटांत श्वास मोकळा होतो. आठ-दहा तासांनी असर उतरला की त्याच वाहिन्या आधीपेक्षा जास्त फुगतात, म्हणून पुन्हा थेंब. सलग पाच दिवसांपेक्षा जास्त वापरले की हे चक्र सुरू व्हायचा धोका असतो, तुमचे आठ महिने झालेत. तुमचं रात्रीचं चोंदणं आज किती ॲलर्जीचं आणि किती थेंबांचं, हे थेंब सुटल्याशिवाय कुणालाच सांगता येणार नाही. हाडाच्या ऑपरेशनचा निर्णयसुद्धा म्हणून तोवर थांबवा.

इम्युनिटीचं म्हणाल, तर ती कमी झालेली नाही. ॲलर्जीत शरीर निरुपद्रवी गोष्टीला शत्रू समजतं आणि तिच्यासाठी आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार करून ठेवतं. ती नाकाच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर बसून राहतात. ती गोष्ट नाकात आली की या पेशींतून हिस्टामिन बाहेर पडतं आणि मिनिटाभरात खाज, शिंका, पाणी सुरू होतं. चार ते आठ तासांनी दुसरी लाट येते. दाह करणाऱ्या पेशी तिथे जमतात, अस्तर सुजतं आणि नाक चोंदतं. सेटिरिझिनने शिंका थांबतात पण नाक मोकळं होत नाही, त्याचं कारण हेच. गोळी हिस्टामिनला अडवते, सूज उतरवायचं काम स्प्रेचं. ‘इम्युनिटी वाढवणारी’ चूर्णं आणि काढे यांवरचा खर्च वाचवा.

आता तुमच्या पत्रातली सगळ्यांत मोलाची ओळ, नागपूरची. तिथे तुम्ही दही खाता, ताक पिता, आमरस ओरपता आणि नाक मोकळं असतं. म्हणजे दह्यावरचा आरोप तुम्हीच खोडून काढला आहे. अन्नाच्या ॲलर्जीत ओठ-तोंड सुजणं, अंगावर गांधी उठणं, उलट्या होणं असं काही दिसतं. वर्षानुवर्षं नुसतंच नाक गळत राहणं हे तिचं रूप नाही. केळी आणि भातही उद्यापासून सुरू करा.

नागपुरात बदलतं काय? मे महिन्यात हवा ठणठणीत कोरडी असते, गवतांचा फुलोरा नसतो, आणि तुम्ही गच्चीवर, दुसऱ्या अंथरुणावर झोपता. पुण्यात त्रास पहाटे अंथरुणातच सुरू होतो आणि पावसाळ्याच्या शेवटापासून थंडीपर्यंत चढत जातो. यातून दोन संशयित पुढे येतात : गादीतले माइट आणि बाहेरचे परागकण. नागपूर दोघांनाही एकदम दूर ठेवतं, त्यामुळे तेवढ्यावरून निवाडा होत नाही. पण वर्षभर, रोज, बिछान्यातच शिंका येतात म्हटल्यावर माझा कल माइटकडे आहे.

माइट हे कोळ्याच्या कुळातले जीव, पाव ते तृतीयांश मिलिमीटरचे, त्यामुळे डोळ्यांना दिसत नाहीत. ते चावत नाहीत. आपल्या त्वचेच्या गळलेल्या कोंड्यावर जगतात, म्हणून गादी, उशी, गोधडी, सोफा ही त्यांची घरं. ॲलर्जी होते ती मुख्यतः त्यांच्या विष्ठेतल्या प्रथिनांची. पाणी ते पीत नाहीत, हवेतला ओलावा अंगात शोषून घेतात. आर्द्रता बरेच दिवस पन्नास टक्क्यांच्या खाली राहिली तर सुकून मरतात, पावसाळ्यात मात्र त्यांची पैदास जोरात होते. थंडीत ते कमी होऊ लागतात, पण त्यांची घाण गादीत तशीच राहते, आणि नेमक्या त्याच वेळी आपण दिवाणातून वर्षभर बंद असलेल्या रजया काढून थेट अंगावर घेतो. ‘मला थंडी बाधते’ म्हणणाऱ्या पुष्कळांना खरं तर ती रजई बाधत असते.

तेव्हा घर बदलायच्या आधी बिछाना बदला. नाहीतर टेम्पोत पहिली चढेल ती तीच गादी.

उशी तीन-चार वर्षं जुनी असेल तर सरळ टाकून द्या, नवी धुता येणारी घ्या. गादीला आणि उशीला सहाही बाजूंनी बंद होणारी, चेनची, घट्ट विणीची खोळ घाला. वरून पसरायचं प्रोटेक्टर चालणार नाही. चादरी, अभ्रे आणि पांघरुणं दर आठवड्याला ६० अंशांच्या पाण्यात धुवायची. गार पाण्याने घाण निघते, माइट मरत नाहीत. मशीनमध्ये गरम पाण्याची सोय नसेल तर बादलीत कढत पाणी घालून अर्धा तास भिजत ठेवा, मग धुवा. जाड रजई धुता येत नसेल तर ड्रायक्लीन करून घ्या, आणि वापरात नसताना हवाबंद पिशवीत ठेवा.

गादीला ऊन दाखवण्याची आपली पद्धत चांगलीच आहे, फक्त ती अर्धी पाळली जाते. कडक उन्हात चार-पाच तास, दोन्ही बाजू उलटून ठेवली तर माइट बऱ्यापैकी मरतात. मेलेले माइट आणि विष्ठा आतच राहते, म्हणून नंतर गादी झटकायला हवी. ते काम घराबाहेर, घरातल्या दुसऱ्या कुणीतरी, तोंडाला मास्क लावून करायचं. तेच झाडलोटीचं. आधी केरसुणी फिरवून मग फरशी पुसण्याऐवजी थेट ओल्या फडक्याने केर काढा. दिवाळीची साफसफाई, माळ्यावरची खोकी, पंख्यांची पाती ही कामं तुमची नाहीत हे घरात एकदा स्पष्ट सांगून टाका. झटकाझटकी झाली की त्या खोलीत वीस-पंचवीस मिनिटं जाऊ नका.

हे सगळं एकत्र केलं तरच उपयोग होतो. नुसती खोळ घालून ठळक फरक पडत नाही असं चाचण्यांत दिसलं आहे. एअर प्युरिफायरचा माइटसाठी फारसा फायदा नाही, कारण हे कण जड असतात. गादीवर हालचाल झाली की उडतात आणि थोड्या वेळात खाली बसतात, यंत्रापर्यंत पोहोचतच नाहीत. परागकण आणि धुरासाठी त्याचा उपयोग थोडा बरा होतो. बाथरूमलगतच्या भिंतीला ओल असेल, पापुद्रे सुटत असतील तर बुरशीचाही संशय धरा आणि रंग मारून ती झाकण्याआधी गळती थांबवा. झुरळांच्या विष्ठेनेसुद्धा ॲलर्जी होते, स्वयंपाकघरात तीही बघा. उदबत्ती, धूप, मच्छर कॉइल आणि फोडणीचा ठसका ही ॲलर्जी नव्हे, पण आधीच सुजलेलं नाक त्यांनी आणखी चिडतं. देवघरातली उदबत्ती निदान झोपायच्या खोलीपासून दूर ठेवा.

आता मागचा प्लॉट. गाजर गवत, म्हणजे काँग्रेस गवत, आणि पुणे यांचं नातं जुनं आहे. १९५०च्या दशकात पुण्यातच ते पहिल्यांदा ठळकपणे लक्षात आलं आणि मग देशभर पसरलं. त्याच्या परागकणांनी नाकाची ॲलर्जी होते आणि झाडाला हात लागून त्वचेवर चट्टेही येतात. पावसाळ्यात उगवलेलं रोप महिना-दीड महिन्यात फुलतं, एका झाडाला हजारोंनी बी धरतं. म्हणून ते फुलण्याआधी, जमीन ओली असताना मुळासकट उपटायचं, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालून. पांढरी फुलं आल्यावर उपटून रचून ठेवलं तर पुढच्या वर्षीची पेरणी आपणच केल्यासारखी होते. सोसायटीच्या नावाने प्लॉटमालकाला आणि महापालिकेला जूनमध्येच अर्ज द्या. ऑक्टोबरमध्ये देऊन काय उपयोग? आणि हे काम करायला तुम्ही स्वतः जाऊ नका.

इतर गवतंही पावसाळ्याच्या उत्तरार्धापासून नोव्हेंबरपर्यंत फुलतात. वावळ, वेडी बाभूळ अशा झाडांचे पराग हवेतून उडतात. उगाच बदनाम होतात ती गुलमोहर, बहावा आणि झेंडू. त्यांचे पराग जड आणि चिकट असतात, ते किड्यांच्या अंगाला लागून जातात, हवेत फारसे तरंगत नाहीत. सावरीचा कापूस तर पराग नसतोच. पत्र वाचून सोसायटीत कुणी झाड तोडायचा ठराव आणणार असेल तर एवढं वाचून दाखवा. गवत फुलण्याच्या दिवसांत सकाळी लवकर खिडक्या बंद ठेवा, दुचाकीवर मास्क आणि गॉगल वापरा, कपडे गच्चीऐवजी घरात वाळवा आणि संध्याकाळी घरी आल्यावर तोंड, पापण्या, केस धुऊन मगच बिछान्यावर बसा.

आता स्प्रे. चार दिवसांत त्याचा निकाल लावायचा नसतो. थोडा फरक एक-दोन दिवसांत कळू लागतो, पूर्ण परिणामाला दोन आठवडे लागतात, तेही रोज मारला तर. त्रास झाला की मारायचं हे औषध नाही. शिवाय ‘लागू पडला नाही’ म्हणणाऱ्या बऱ्याच जणांचा फवारा नाकात राहतच नाही, घशात जातो.

पद्धत अशी. आधी नाक हलकं शिंकरून घ्या. बाटली हलवा. नवी असेल, किंवा आठवडाभर पडून असेल, तर बारीक धुकं दिसेपर्यंत हवेत काही फवारे सोडा. मान किंचित खाली झुकवा. वर बघायचं नाही, नेमकी तिथेच सगळ्यांची चूक होते. उजव्या नाकपुडीसाठी बाटली डाव्या हातात, डावीसाठी उजव्या. त्यामुळे टोक आपोआप बाहेरच्या बाजूला, त्याच बाजूच्या कानाकडे वळतं. मधल्या पडद्यावर फवारा मारला की तो कोरडा पडतो, खपली धरते, रक्त येतं आणि माणूस औषध सोडून देतो. दाबताना फुलाचा वास घ्यावा इतपतच श्वास आत घ्या. जोरात ओढलं आणि घशात कडू लागलं तर ते औषध पोटात गेलं समजा. नंतर दहा-पंधरा मिनिटं नाक शिंकरू नका. टोक आठवड्यातून एकदा कोमट पाण्याने धुवा, बुजलं तर सुई घालू नका, भोक मोठं होऊन मात्रा बिघडते. बाटलीवर १२० फवारे लिहिले असतील तर रोज चारप्रमाणे ती ३० दिवसांत संपली पाहिजे. दोन महिन्यांनीही उरली असेल तर डोस चुकलेत.

काचबिंदू किंवा मोतीबिंदू असेल, नाकाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल, किंवा इतर औषधं चालू असतील तर डॉक्टरांना आधी सांगा. कधीमधी नाक कोरडं पडतं, थोडं रक्त येतं, तेव्हा एक-दोन दिवस थांबून फवाऱ्याची दिशा तपासा. त्रास आटोक्यात आल्यावर डॉक्टर डोस निम्मा करतात. दोन-तीन महिने आणि पुढे दर वर्षी गणपतीच्या सुमारास, त्रास वाढायच्या एक-दोन आठवडे आधी सुरुवात, असा आराखडा अनेकांना पुरतो. नुसत्या स्प्रेने भागलं नाही तर ॲझेलास्टिन आणि फ्लुटिकासोन एकत्र असलेला स्प्रे मिळतो. तो लवकर काम करतो, चव मात्र कडू.

थेंब सोडवायचे ते रोजच्या स्टिरॉइड स्प्रेच्या जोरावर. आधी आठवडाभर स्प्रे रोज सकाळी मारा, थेंब रात्री चालू राहू द्या. दुसऱ्या आठवड्यात एका नाकपुडीतले थेंब पूर्ण बंद करा. पहिल्या तीन-चार रात्री ती बाजू चोंदेल, पण दुसरीतून श्वास चालू असेल, त्यामुळे झोप पार उडणार नाही. ती बाजू सुटली की दुसरीचे थेंब बंद. या दिवसांत उशाला आणखी एक उशी घ्या आणि झोपण्यापूर्वी मिठाच्या पाण्याने नाक धुवा. फारच अवघड गेलं तर डॉक्टर थोड्या दिवसांसाठी पोटातून औषध देऊ शकतात, ते स्वतःच्या मनाने घ्यायचं नाही. यातून सुटल्यावर थेंबांची बाटली घरात ठेवूच नका.

नाक धुण्यासाठी जलनेतीचं पात्र असेल तर उत्तम, औषधाच्या दुकानात पिळायची प्लास्टिकची बाटलीही मिळते. २४० मिलिलिटर पाण्यात पाच मिलिलिटरच्या मापाच्या चमच्याने अर्धा सपाट चमचा मीठ आणि चिमूटभर खाण्याचा सोडा. मीठ शक्यतो बिनआयोडीनचं घ्या. पाणी खळखळ उकळून कोमट केलेलंच हवं. आरओचं, नळाचं किंवा बोअरचं थेट चालणार नाही. अशा पाण्यात क्वचित नेग्लेरिया फाउलेरी हा अमीबा असू शकतो. केरळमधल्या रुग्णांमुळे तो बातम्यांत आला आहे. तो पोटात गेल्याने काही होत नाही, पण नाकावाटे मेंदूपर्यंत पोहोचला तर बहुतेक वेळा जीव घेतो. उकळलेलं पाणी झाकून ठेवा, २४ तासांत वापरा, बाटली रोज धुऊन कोरडी करा. धुऊन झाल्यावर कमरेत वाकून उरलेलं पाणी निघू द्या आणि स्प्रे त्यानंतर मारा, आधी मारलात तर वाहून जाईल. वाफाऱ्याने तेवढ्यापुरतं बरं वाटतं, घ्यायचा तर घ्या, पण लहान मुलाजवळ उकळत्या पाण्याचं पातेलं ठेवून नको.

गोळ्यांबद्दल थोडंच. सेटिरिझिनने बऱ्याच जणांना झोप येते, दुचाकी चालवणाऱ्याने ते लक्षात ठेवावं. फेक्सोफेनाडिनने सहसा येत नाही, ती फळांच्या रसाबरोबर घेऊ नये, साध्या पाण्याने घ्यावी. बिलास्टिन २० मिलिग्रॅम जेवणाआधी तासभर किंवा जेवणानंतर दोन तासांनी. दुकानदार अनेकदा लिव्होसेटिरिझिन आणि मॉन्टेलुकास्ट एकत्र असलेली गोळी पुढे करतो. मॉन्टेलुकास्टमुळे काही जणांना वाईट स्वप्नं, चिडचिड, नैराश्य, क्वचित आत्महत्येचे विचार येतात, म्हणून २०२०मध्ये अमेरिकेच्या औषध नियामकाने त्यावर सगळ्यांत कडक इशारा छापायला लावला. नाकाच्या साध्या ॲलर्जीसाठी दुसरं औषध चालत असेल तर ते टाळावं. मुलाच्या बाबतीत तर नक्कीच.

आता ‘हाड वाढलंय’. हाड सहसा वाढलेलं नसतं. एकतर नाकाचा मधला पडदा वाकडा असतो, तो पुष्कळ लोकांचा थोडाफार असतोच. नाहीतर बाजूच्या भिंतीवरच्या टर्बिनेट नावाच्या मांसल घड्या सुजलेल्या असतात, आणि ॲलर्जी किंवा थेंब यांनी सुजतात त्या याच. ऑपरेशनने वाट मोकळी होईल, शिंका आणि खाज जाणार नाही. थेंब सुटून, स्प्रे नीट दोन-तीन महिने मारूनही एक बाजू बंदच राहिली तर तपासून ठरवा. तेव्हा ते ऑपरेशन उपयोगाचं ठरू शकतं.

दोनशे पदार्थांची टेस्ट करू नका. अशी बरीच पॅकेजेस आयजीई नव्हे तर आयजीजी ही वेगळीच प्रतिपिंडं मोजतात, आणि ती आपण जे खातो त्याच्याविरुद्ध तयार होतच असतात. रिपोर्टात गहू, दूध, टोमॅटो लाल रंगात येतील आणि तुमच्या ताटात उरेल काय? नुसता एकूण आयजीई मोजूनही फारसं कळत नाही, आपल्याकडे तो पोटातल्या जंतांनीही वाढतो. तुमच्यासाठी योग्य चाचणी म्हणजे स्किन प्रिक टेस्ट. हाताच्या आतल्या बाजूला माइट, गवतं, गाजर गवत, बुरशी, झुरळ यांच्या अर्काचे थेंब ठेवून हलकं टोचतात आणि १५ ते २० मिनिटांनी वाचतात. तीन मिलिमीटर किंवा जास्त गांध उठली तर ती धरतात. त्याआधी ॲलर्जीच्या गोळ्या आठवडाभर बंद ठेवाव्या लागतात, स्प्रे बंद करावा लागत नाही. आणि गांध उठली म्हणजे तीच गोष्ट तुमच्या त्रासाचं कारण असं नाही, ती तुमच्या त्रासाच्या वेळापत्रकाशी जुळायला हवी. नागपूरची ओळ तिथल्या डॉक्टरांनाही आवर्जून सांगा.

तुमचा शेवटचा प्रश्न, मुळापासून जाईल का. त्याच्या सगळ्यांत जवळ जाणारा उपचार इम्युनोथेरपी, १९११पासून चालत आलेला. ज्याची ॲलर्जी त्याचाच अर्क अगदी कमी मात्रेत, हळूहळू वाढवत, इंजेक्शनने किंवा जिभेखाली देतात. इंजेक्शन असेल तर आधी साधारण आठवड्याला, मग महिन्याला. एकूण उपचार तीन ते पाच वर्षं. नीट निवडलेल्या रुग्णांत औषधं कमी होतात आणि बंद केल्यावरही काही वर्षं फायदा टिकतो, प्रत्येकाला मात्र होत नाही. दर इंजेक्शननंतर दवाखान्यात अर्धा तास बसावंच लागतं, कारण क्वचित गंभीर रिॲक्शन येते. दमा आटोक्यात नसेल तर देत नाहीत. एकाच कुपीत दहा-बारा गोष्टींचं मिश्रण करून देणारे असतील तर दुसऱ्या तज्ज्ञाचं मत घ्या, कारण जो तो घटक पुरेशा मात्रेत राहत नाही. हा निर्णय आज घ्यायचा नाही. बिछाना, स्प्रे आणि थेंबमुक्ती यांना आधी तीन महिने द्या. तोवर रोज रात्री त्रासाला शून्य ते दहा गुण कॅलेंडरवर लिहा. औषध घेऊनही पाच किंवा वर राहत असेल तर त्रास आटोक्यात नाही असं समजून डॉक्टरांकडे जा. कॅलेंडर सोबत न्या.

काही गोष्टींना मात्र तीन महिने थांबायचं नाही. रात्री खोकला, छातीत शिट्टीसारखा आवाज, जिन्यावर धाप लागत असेल तर दम्याची तपासणी लगेच करा. नाकाची ॲलर्जी आणि दमा अनेकदा एकत्र नांदतात. नाकाची एकच बाजू कायम बंद, एकाच बाजूने रक्त किंवा घाण वास, वाकल्यावर एकाच नाकपुडीतून स्वच्छ पाणी, वास येणंच बंद होणं, डोळ्याभोवती सूज, यांत घरच्या घरी काही करत बसू नका.

आणि मुलगा. तळहाताने नाक वर घासायची ती सवय ॲलर्जीची जुनी खूण आहे. नाकावर आडवी रेघ उमटली आहे का, डोळ्यांखाली काळसर दिसतं का, तोंड उघडं ठेवून झोपतो का, घोरतो का, बघा. घोरत असेल तर ॲडिनॉइड, म्हणजे नाकामागच्या गाठीही तपासाव्या लागतील. तुमचे थेंब त्याला कधीही देऊ नका. डॉक्टरांनी स्प्रे दिला तर मुलांचा डोस सहसा प्रत्येक नाकपुडीत एकच फवारा असतो, तो बाटली त्याच्या हातात न देता तुम्हीच मारायचा आणि वाढीवर लक्ष राहावं म्हणून दर सहा महिन्यांनी त्याची उंची लिहून ठेवायची. त्याच्या अंथरुणातली मऊ खेळणी पिशवीत बांधून २४ तास डीप फ्रीझरमध्ये ठेवा, मग धुवा. तुमची उशी टाकाल त्या दिवशी त्याचीही टाका.